ट्रॅकरवर दिसलेला थांबा

माझी पहिली इलेक्ट्रिक सायकल चोरीला गेली ती भर दुपारी, शनिवार पेठेत मी काम करते त्या ग्रंथालयाच्या अंगणातून. चोराने साखळी कापून तिथेच ठेवली होती, तीसुद्धा व्यवस्थित गुंडाळून. सायकल गेल्याइतकाच मला त्या नीटनेटकेपणाचा राग आला.

कात्रजला राहणाऱ्या आणि गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला अशा सायकलीचं काय मोल असतं, हे सपाटीवर राहणाऱ्यांना कळायचं नाही. बसची वाट बघणं नाही, रिक्षावाल्याची मनधरणी नाही. धनकवडीच्या चढावर बटण दाबलं की मागून कुणीतरी हलकेच ढकलतंय असं वाटायचं. शिवाय माझा एक थांबा होता. संध्याकाळी घरी जाताना सारसबागेपाशी सायकल लावायची, उसाचा रस घ्यायचा आणि कट्ट्यावर अर्धा तास नुसतं बसायचं. त्या अर्ध्या तासात मी ग्रंथालयाची नसायचे आणि घराचीही नसायचे. हे कुणाला सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण सांगितलं की ‘कशाला?’ येतंच.

नवी सायकल घ्यायची तर ट्रॅकर लावूनच, असं माझ्या यजमानांनी बजावलं. ह्यांचं म्हणणं रास्त होतं. मग माझी वणवण सुरू झाली.

पहिल्या दुकानात चुंबकाने चिकटणारा ट्रॅकर दाखवला. चोराने तो उपटून फेकला तर, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “मग फेकला कुठे ते कळेल की तुम्हाला.” दुसऱ्या दुकानातला बटणाएवढा होता, पण आसपास कुणाचा तरी फोन असला तरच तो ठिकाण सांगणार. “ताई, पुण्यात फोन नाही अशी जागा दाखवा,” तिथला विक्रेता म्हणाला. चोर पुण्यातच राहील याची हमी मात्र त्याने दिली नाही. तिसरा दर थोड्या दिवसांनी काढून चार्ज करायचा होता. म्हणजे सायकल चार्जिंगला, फोन चार्जिंगला आणि आता पहारेकरीही चार्जिंगला. इंटरनेटवर पाहावं तर एकाच वस्तूला अर्ध्या लोकांनी डोक्यावर घेतलेलं आणि अर्ध्यांनी शिव्या घातलेल्या. वाचून वाचून डोकं उठलं. शेवटी सायकलीच्याच बॅटरीला जोडायचा, स्वतःचं सिम असलेला आणि सांगाड्याच्या आत लपणारा एक घेतला.

नव्या सायकलीला तो बसवून झाल्यावर दुकानदाराने विचारलं, “मोबाइल नंबर?” मी धडाधड ह्यांचा सांगितला. गॅस, वीज, दूधवाला, दवाखाना, सगळीकडे तोच दिलेला आहे. माझा मला पाठही नाही, कारण मी स्वतःला कधी फोन करत नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी कट्ट्यावर रसाचा पेला हातात असताना फोन वाजला.

“अगं, सारसबागेपाशी का थांबलीयेस? पंक्चर झाली का?”

“नाही.”

“मग?”

“निघालेच,” म्हणत मी रस संपवला. पुढच्या दिवशी परत फोन. त्याच्या पुढच्या दिवशी, “आजही?” हे संशयी असते तर मी मनसोक्त भांडले असते. पण ह्यांना खरोखर काळजी होती, आणि काळजीशी भांडायचं कसं ते मला अजून जमलेलं नाही. एकदा सांगून पाहिलं की बरं वाटतं तिथे बसायला. “मग घरी ये ना, गॅलरीत बस,” हे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी न थांबता सरळ घरी येऊ लागले. सारसबाग मागे पडली की चिडचिड व्हायची, आणि घरी आल्यावर ती भांड्यांवर निघायची.

नंबर बदलावा म्हणून कंपनीला फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, “ओटीपी जुन्या नंबरवर जाईल.” म्हणजे माझ्या सायकलीसाठीही परवानगी ह्यांचीच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, “कशाला बदलायचं? तुझा फोन कायम पर्समध्ये. चोरी झाली तर तुला पत्ता तरी लागेल का?” हे खरं होतं, त्यामुळे आणखीच संताप झाला.

मग एके दिवशी जेवताना ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. ट्रॅकरवाल्यांनी दुसऱ्या महिन्याचा गोषवारा पाठवला होता. सायकल सुरक्षित, बॅटरी उत्तम, विनाकारण थांबे एकही नाही.

“बघ, एकही नाही,” हे म्हणाले. चोर पकडल्यासारखं समाधान होतं चेहऱ्यावर.

मी ते ‘विनाकारण’ दोनदा वाचलं. मग ताटावरून उठले, पर्समधून माझा फोन काढला आणि कंपनीला नंबर बदलायची विनंती पाठवली. ह्यांच्या फोनवर टिंग वाजलं.

“ओटीपी आलाय. वाचा.”

“आत्ता? जेवताना?”

“आत्ता.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, डावा हात लांबवून चष्मा घेतला आणि एकेक आकडा वाचू लागले. शेवटच्या आकड्याआधी थांबले.

“आणि उद्या सायकल चोरीला गेली तर?”

“तर मला कळेल,” मी म्हटलं. “शेवटचा आकडा सांगा.”