लिफ्टमधला फोन

"त्या फॉरेनर पेशंटचं कोण आहे?" कामोठ्याच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयने विचारलं आणि मी हात वर केला. बाबा गेल्याची बातमी मला अशी कळली. कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलातल्या वाडीत जन्मलेला, तळोज्याच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला माझा बाप मेल्यावरही फॉरेनरच! रडू आलंच नाही, नुसता संताप आला. महिना उलटला, तो अजून उतरलेला नाही.

आम्ही सिद्दी. कधीकाळी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज. रंग काळा, केस घट्ट कुरळे, आणि घरात बोलणं मराठी. बाबा दिवाळी अंकांत लिहायचे ते आपल्या लहानपणाबद्दल. गॅदरिंगच्या नाटकात मास्तर त्यांना दरवर्षी राक्षस करायचे, का तर "तुला रंगवावं लागत नाही." एका वर्षी ते रामाचे संवाद पाठ करून गेले, तर अख्खा वर्ग पोट धरून हसला. बाबा हे असं खुसखुशीत लिहायचे की वाचणाराही आधी हसायचा आणि मग गप्प व्हायचा. मला मात्र त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नाही.

एक गोष्ट त्यांनी कधीच लिहिली नाही. आम्ही या सोसायटीत आलो तेव्हा लिफ्टच्या दारात बाबा दिसले, की आतल्या बायका पर्स छातीशी धरायच्या, पोरांना मागे ओढायच्या. बाबांनी त्यावर तोडगा काढला. लिफ्टमध्ये शिरायच्या आधीच मोबाइल कानाला लावायचा आणि मोठ्यांदा सुरू करायचं, "हो गं, कोथिंबीर घेतली. आता परत लिंबांसाठी पाठवू नकोस, पाय मोडलेत माझे!" मराठी कानावर पडलं, की माणसं सैल व्हायची. मी कॉलेजात असताना एकदा माझ्यासमोरच लिफ्टमध्ये हे असं चालू होतं, आणि कानाला लावलेला मोबाइल खणखणला की! घरात शिरेपर्यंत बाबांनी हसू कसंबसं दाबलं.

"म्हणजे पलीकडे कुणीच नसतं?" मी विचारलं.

"अगं, तुझी आई तर स्वयंपाकघरात असते. तिला कशाला त्रास?"

"मग हे लिहा ना, बाबा!"

त्यांचं हसू थांबलं. "लिहिलं, तर उद्या लिफ्टमध्ये काय करू?"

मी खूप भांडले. आपल्याच घरी जायला कसली नाटकं करायची... पण नोकरी लागली, रोज एकटीने ये-जा सुरू झाली, आणि मोबाइल कधी माझ्याही कानाला चिकटला ते कळलं नाही. "हो बाबा, आलेच. चहा टाका." चहा खरंच टाकलेला असायचा, फोन तेवढा खोटा. आज मीच हे लिहायला बसलेय. छापून आलं की माझीही सोय संपली. संपू दे एकदाची!

कारण परवा ऑफिसातून आले, तर लिफ्टमध्ये दोन नवे भाडेकरू आणि चौथ्या मजल्यावरच्या पाटील काकू. मला बघून ते दोघं अंग चोरून कोपऱ्यात सरकले. माझा हात आपसूक कानाशी गेला. "हो बाबा, आलेच. चहा टाका." बोलून गेले आणि काकूंकडे नजर गेली. बाबांना खांदा द्यायला काकूंचा मुलगा होता. काकूंनी पदर डोळ्यांना लावला... ते दोघं मात्र आता निवांत उभे होते. चौथ्यावर काकू उतरल्या. सातव्या मजल्यापर्यंत मी बाबांशी बोलत राहिले.