वाढणाऱ्यांची पंगत

गेल्या रविवारी दुपारी नोएडातल्या एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही मराठी मंडळींनी जेवण झाल्यावर उठायला नकार दिला. दाराशी पुढची गिऱ्हाइकं ताटकळत होती... तरी बसून राहिलो.

निमित्त होतं देशमुख काकूंच्या रिटायरमेंटचं. उभी नोकरी दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात आणि उभा संसार सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये केलेली बाई. आमच्या टेबलावर सुनीता नावाची वेट्रेस वाढत होती. हसतमुख होती, पण भिंतीला टेकून सारखी या पायावरून त्या पायावर होत होती.

काकूंनी विचारलं, "बेटा, तुमने खाना खाया?"

"आंटी, संडे को ब्रेक कहाँ मिलता है? सुबह चाय पी थी."

तिच्या शेजारीच एक खुर्ची रिकामी होती. पण ड्युटीवर बसायचं नाही, असा नियम!

मग काय, मी मॅनेजरला बोलावलं आणि सुरूच झालो. कायदा काढला, माणुसकी काढली, आवाज तर सभेतलाच होता... तो शांतपणे म्हणाला, "सर, रश है. स्टाफ एडजस्ट कर लेता है."

तो वळताच सुनीता हळूच म्हणाली, "सर, प्लीज रहने दीजिए. आप चले जाएँगे, सुनना मुझे पड़ेगा. नौकरी भी जा सकती है."

शौर्य माझं, आणि बिल तिच्या नावावर फाटणार...

तेव्हा काकू पुढे झाल्या. आवाज अगदी गोड. "भैया, लड़की ने कुछ नहीं माँगा. ये हमारा रिवाज है. जो परोसते हैं, उनकी पंगत आखिर में बैठती है और घरवाले परोसते हैं. जब तक वो नहीं खाते, हम उठते नहीं."

खोटं काहीच नव्हतं. आपल्या घरच्या कार्यात असंच तर चालतं. मॅनेजरने दाराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं... एकही जण हलला नाही.

"अच्छा, लेकिन जल्दी कीजिए."

"जल्दी क्यों? हमारे यहाँ आराम से खाते हैं," काकू म्हणाल्या. मग मला, "भाषण झालं असेल तर भात वाढायला घे."

सुनीता आणि तिचे तीन सोबती आमच्या खुर्च्यांवर बसले. बसल्या बसल्या तिने टेबलाखाली बूट काढले आणि क्षणभर डोळे मिटले. घास नंतर घेतला...

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. पाहुण्यांचा हट्ट म्हणून तिला जेवायला मिळालं, कामगाराचा हक्क म्हणून नाही. आणि पुढच्या रविवारी तिथे काकू नसणार.

मी ठासून सांगतो, जेवणाची सुट्टी ही मेहरबानी नाही. उपाशी माणसाच्या हातून आपल्याला जेवू घालणाऱ्या मालकाने आदरातिथ्याच्या गप्पा मारू नयेत. आणि ते दिसत असूनही आपण ढेकर देऊन निघून जात असू, तर आपणही त्याचेच भागीदार.

म्हणून आमचं ठरलंय. जिथे जेवू तिथे विचारायचं, "आपके स्टाफ ने खाना खाया?" तेही मॅनेजरला, वेटरला नाही. वाढणाऱ्यांना अडचणीत टाकायचं नाही.

आणि उत्तर देताना मॅनेजर चाचरला, तर बसून राहायचं. आपल्याला बसायला कुणाची परवानगी लागत नाही. सुनीताला लागते... आणि जोवर लागते, तोवर आपण उठायचं नाही.