शेवटचे दोन

दुकानात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी म्हणून पाय ठरत नसे तिचा. घरगुती वस्तूंच्या त्या मोठ्या दुकानात गल्ल्याजवळची मांडणी तिच्याकडे होती. रांगेत उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाच्या सहज हाताला लागेल अशी एखादी वस्तू तिथे ठेवायची, दोनच नग ठेवायचे आणि वर जाड पेनाने पाटी लिहायची: 'शेवटचे दोन'. मागे गोदामात त्याच वस्तूची खोकी छताला टेकलेली असत. दोन गेले की ती गुपचूप आणखी दोन आणून ठेवी. लोक भराभर उचलत आणि भिंगरी गालातल्या गालात हसे.

आणि एवढं सगळं ठाऊक असून ही बया स्वतःही तेच उचलून घरी न्यायची! आता हिला काय म्हणावं? अंडी उकडायचं यंत्र, पाय शेकायची पिशवी, उशाशी ठेवायचा चिमुकला पंखा. बहुतेक सगळं आईसाठी. आईच्या तोंडात मात्र एकही दात उरला नव्हता. वर्षभर बिचारी कुस्करलेलं गिळत होती. डॉक्टरांनी कवळीसाठी अर्धे पैसे आधी मागितले होते आणि दर पगाराला भिंगरीचं ठरलेलं, "पुढच्या महिन्यात नक्की, आई."

आज पगार होता. "तयार राहा," तिने सकाळीच आईला बजावलं होतं. "मी आले की लगेच डॉक्टरांकडे. आज काही झालं तरी पैसे भरायचेच."

दुपारी पगार झाला. तिने भाड्याचे पैसे एका पाकिटात घातले, कवळीचे दुसऱ्यात, आणि पुन्हा कामाला लागली. गल्ल्याजवळ आज रस काढायचं यंत्र होतं, लाल झाकणाचं, सवलतीतलं. एक गेलं. दुसऱ्यापाशी एक बाई घुटमळली, तशी भिंगरीच्या जिवाची घालमेल सुरू झाली. गोदामातली खोकी तिने स्वतः रचली होती, पण त्या घटकेला ती कुठली आठवायला! कवळी यायला वेळ लागणारच, तोवर आईला ताजा रस तरी मिळेल, असं तिने स्वतःला पटवलं. बाईने हात पुढे केला आणि भिंगरीने खोकं झटकन उचललं. दुसरं पाकीट रिकामं झालं.

घरी आई चांगले कपडे घालून, चपला चढवून, दाराशी खुर्चीवर बसली होती. तिची नजर आधी खोक्यावर गेली.

"रस काढायचं यंत्र आहे, आई. तुझ्यासाठीच."

"मला चावायचंय गं," आई म्हणाली.

तेवढंच बोलली. खोकं काखेत मारून भिंगरी आल्या पावली धावत सुटली.

दुकानात पाटीखाली पुन्हा दोन यंत्रं उभी होती. साहेबांनी खोक्याकडे पाहिलं आणि गल्ल्यामागच्या दुसऱ्या पाटीकडे बोट केलं. 'सवलतीचा माल परत घेतला जाणार नाही.'

"साहेब, आईच्या दातांचे पैसे आहेत हो."

"अगं, पाटी तूच लिहिलीस ना? तुझं घेतलं तर उद्या सगळेच येतील."

अक्षर तिचंच होतं, चांगलं ठसठशीत. स्वतःच्या हाताचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

ती परतली तेव्हा आईने कपडे बदलून घडी घालून ठेवले होते. खोकं पुन्हा घरात आलेलं पाहून ती काय ते समजली. तिने ते मांडीवर घेऊन उघडलं, लाल झाकण फिरवून पाहिलं.

"फळं आणलीस का?"

भिंगरीने नकारार्थी मान हलवली. तिला रडू फुटलं.

आईने यंत्र पुन्हा खोक्यात घातलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आण."