श्रीकांतभाऊंचा हात आणि सुरतेची चादर

श्रीकांतभाऊ तुमच्याशी बोलायला लागले, की आधी त्यांचा हात तुमच्या बाहीवर येतो. नवीन माणसाला वाटतं, किती प्रेमळ गृहस्थ. प्रेमळ ते आहेतच, पण तो हात कापड बघत असतो. तब्येतीची चौकशी करता करता ते दोन बोटांत बाही धरतात, अंगठा एकदा फिरवतात आणि मधेच म्हणतात, "कितीला घेतलं? फसवलं तुम्हाला."

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या हॉलच्या नव्या पडद्यांना हात लावून ते म्हणाले होते, "दोन धुण्यांत वीतभर आखडतील." मला राग आला होता. आता ते पडदे खिडकीच्या कठड्यापर्यंतही पोचत नाहीत.

चाळीस वर्षं त्यांनी पॉवरलूमच्या कारखान्यात कापड तपासलं. निवृत्त झाले तरी व्यापाऱ्यांचं त्यांच्यावाचून अडतंच. मालावरून दोन सेठांचं वाजलं, की यांना बोलावणं येतं. हे डोळे मिटून ताग्यावरून हात फिरवतात आणि जे म्हणतील ते दोघंही मुकाट्याने ऐकतात. पेन्शन नाही, जमीन नाही. या माणसाची सगळी इस्टेट म्हणजे तो उजवा हात आणि त्याला मिळणारा मान.

अशा माणसाला परक्या चादरीवर झोप कशी यावी? निवृत्तीच्या वेळी त्यांनी स्वतः लूमपाशी उभं राहून एक पांढरी सुती चादर विणून घेतली. गावाला जाताना पिशवीत आधी ती जाते, मग बाकीचे कपडे. त्यांच्या बायकोने, मंगलावहिनींनी, तिच्या एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तीन टाके घातले, धुण्यात अदलाबदल नको म्हणून. भाऊंना ते टाके मुळीच आवडले नाहीत.

"मला खूण कशाला लागते? अंधारात दे, शंभर चादरींतून काढून देतो."

"तुमच्यासाठी नाही घातली, माझ्यासाठी घातली," वहिनी म्हणाल्या. "माझे हात भांडी घासायचे. त्यांना काय कळतं?"

मागच्या दिवाळीनंतर कापडबाजारातल्या जीवनसेठांनी भाऊंना सुरतेला पाठवलं. तिथल्या एका मोठ्या मालाचं दुखणं होतं. पुण्याहून मुलाने, मयूरने, मोबाइलवरच हॉटेल ठरवलं. आपल्या क्रेडिट कार्डाला जोडून त्याने वडिलांनाही एक कार्ड काढून दिलेलं होतं. "काउंटरवर नुसतं दाखवायचं बाबा, बाकी सगळं होऊन जातं." भाऊंनी कार्ड दाखवलं, खोलीतल्या पलंगावर हॉटेलच्या चादरीवरून आपली चादर अंथरली, दोन दिवस राहिले, माल नापास करून परत आले.

परतल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर चहा घेत होते, तेव्हा मयूरचा फोन आला. भाऊ फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. गल्लीने ऐकलं नाही तर बोलल्यासारखं वाटत नाही.

"बाबा, सुरतेत काय खरेदी केली?"

"एक चप्पल. ती पण रोख."

"मग हॉटेलवाल्यांनी आज कार्डावरून दोन हजार तीनशे साठ कसे काय काढले? मला मेसेज आलाय."

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "मी तर बुऱ्हाणपूरला बसून राहिलो. कार्ड कपाटात आहे. कपाटाची किल्ली तुझ्या आईच्या कमरेला आहे. काढले कोणी?"

लगेच हॉटेलला फोन. मॅनेजर गौरव नावाचा, फार अदबीचा. म्हणाला, "अंकलजी, रूम की एक बेडशीट मिसिंग है. दो हजार बेडशीट के, बाकी जीएसटी."

"म्हणजे मी चादर चोरली?" भाऊ हिंदीत सुरू झाले आणि तिसऱ्या वाक्याला मराठीत आले. "आणि वर जीएसटी? चोरीवर जीएसटी कधीपासून लागला?"

"अंकलजी, वो सिस्टम ने ले लिया."

"मग सिस्टमला फोनवर बोलाव. मला एका शब्दाने विचारलं का? कार्ड काय गल्लीतला हापसा आहे, जो येईल तो हापसून जाईल?"

गौरवने निमूटपणे एक फोटो पाठवला. धुलाईहून एक चादर जास्तीची आली आहे, ती आमच्या हॉटेलची नाही, तुमची तर नाही ना, असं त्याचं विचारणं. फोटोत घडी घातलेली, दिव्याच्या उजेडात पिवळसर दिसणारी एक चादर. भाऊंनी मोबाइल नाकाशी धरला, मग लांब धरला.

"ही? ही चादर आहे? पोतं बरं हिच्यापेक्षा. बघा, वीण बघा. कोण्या शिकाऊ पोराने लूम चालवलाय. आणि हा म्हणून राहिला, तुमची का?" ते उठले, मला आत घेऊन गेले. पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरलेली होती. तिच्यावरून त्यांनी हात फिरवला, जसा लोक नातवाच्या पाठीवरून फिरवतात. "ही बघा. याला म्हणतात माल. आपली चादर ती आपली चादर."

मंगलावहिनी दारात उभ्या होत्या. त्या कप उचलून आत गेल्या.

पुढचे तीन आठवडे गल्लीत दुसरा विषय नव्हता. मयूरने बँकेत तक्रार टाकली. भाऊंनी आपलं म्हणणं चार पानं लिहून पाठवलं. त्यातलं दीड पान फोटोतल्या चादरीच्या विणीवर होतं. भाजीवाल्यापासून जीवनसेठांपर्यंत प्रत्येकाला त्यांनी तो फोटो दाखवला. "मला म्हणतात ही तुमची. माझा हात ओळखत नाही का माझी चादर?" जीवनसेठ म्हणाले, "भाऊ, ज्या दिवशी तुमचा हात चुकला, त्या दिवशी आम्ही तराजू विकून टाकू."

शेवटी बँकेने पैसे परत केले. भाऊंनी मावा जिलबी आणली, घरोघर वाटली. आमच्याकडे पावशेर आली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी पापड उन्हाला घालत होते, तर भिंतीपलीकडे वहिनी चादर वाळत घालत होत्या. त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि चादरीचे चारही कोपरे एकेक करून माझ्या हातात दिले. निळा टाका कुठेच नव्हता. चौथ्या कोपऱ्यात शाईने बारीक लिहिलं होतं: २०४.

"अहो, ही तर..."

"हॉटेलची आहे. तो खोलीचा नंबर."

"कधी कळलं तुम्हाला?"

"ते आले, त्याच दिवशी धुण्यात. म्हटलं, सांगू निवांत. तेवढ्यात फोन आला, आणि तुमच्यासमोर हात फिरवून म्हणाले, याला म्हणतात माल. मग कोणत्या तोंडाने सांगू? मग तक्रार गेली. मग चार पानं गेली. मग जिलबी आली." त्यांनी चादर झटकली. "मी म्हटलं, हॉटेल मोठं आहे, त्याला एका चादरीने काय होतं. पण काल त्या गौरवचा फोन आला होता. हे मोबाइल घरीच ठेवून दुकानात गेलेले. म्हणाला, आंटीजी, नाराज होऊ नका, अंकलना त्रास नाही, ते पैसे आता धुलाईच्या रमेशभाईंच्या पगारातून कापतील."



"सांगायला तर लागेल," मी म्हटलं. "पण भाऊंचं काय होईल?"

"तेच तर. पैसे गेले तर माणूस उभा राहतो. यांचा हात गेला तर काय उरलं?"

दुपारी वहिनींनी मला बोलावून घेतलं, साक्षीला म्हणा किंवा धीराला. भाऊ जेवून ओट्यावर बसले होते. वहिनींनी ती चादर लहान घडी करून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

"जरा हे बघता का? तपासायला आलंय."

"कोणाचं?"

"नंतर सांगते. आधी बघा."

भाऊंनी सवयीप्रमाणे डोळे मिटले. कागदात हात घातला. अंगठा एकदा फिरला आणि कपाळाला आठी पडली.

"निव्वळ सूत नाही. अर्धं पॉलिस्टर. मिलचं काम, वरून खळ देऊन गुळगुळीत केलंय. हॉटेला-बिटेलात टाकतात असली. कोण बावळट घेऊन आलं?"

"अगदी बरोबर," वहिनी म्हणाल्या. "तीन आठवडे तुम्ही हिच्यावर झोपून राहिले."

भाऊंनी डोळे उघडले. कागद बाजूला केला. चादर उलगडली, चारही कोपरे पाहिले, २०४ वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता गल्ली डोक्यावर घेतील. ते हळू आवाजात म्हणाले, "मग माझी कोणती?"

"तुम्ही जिला पोतं म्हणाले ती."

मग त्यांनी मोबाइल घेतला. या वेळी स्पीकर लावला नाही. गौरवला एवढंच विचारलं, त्या चादरीच्या कोपऱ्यात निळे टाके आहेत का बघ. होते. मग सगळा उलगडा झाला. सुरतेत दुसऱ्या दिवशी भाऊ गोदामात गेले असताना खोली आवरणाऱ्यांनी पलंगावरच्या दोन्ही चादरी धुवायला नेल्या आणि त्यांची एक स्वच्छ चादर अंथरली. भाऊंनी निघताना वरची चादर आपली समजून घडी करून पिशवीत घातली.

"रमेशभाईंचा पैसा कापायचा नाही," भाऊ म्हणाले. "चादर परत येऊन राहिली. आणि पुढच्या वेळी कार्डाला हात लावण्याआधी माणसाला विचारत जा. माझी तेवढी तक्रार मात्र मी चूक म्हणणार नाही."

बँकेलाही त्यांनी फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, तक्रार आपल्या बाजूने निकाली निघालेली आहे."

"अहो, पण मी हरलो आहे. तसं लिहून घ्या."

"सर, सिस्टममध्ये आपण जिंकला आहात. आता बदलता येत नाही."

जीवनसेठांच्या सुरतेला जाणाऱ्या गाडीतून हॉटेलची चादर इस्त्री करून गेली, सोबत रमेशभाईंसाठी इथल्या दराबा मिठाईचा डबा. गाडीत चादर कशाला, हे सेठांना सांगावंच लागलं. भाऊंनी मान खाली घालून सगळं सांगितलं, दुपारच्या कागदाच्या पुडक्यासकट. सेठ पोट धरून हसले आणि म्हणाले, "म्हणजे हात बरोबर होता, भाऊ. पुढच्या वेळी तेवढं नाव लपवून माल देत जाऊ तुम्हाला." तेव्हापासून बाजारात भाऊंपुढे माल येतो तो कागदात गुंडाळून, कोणाचा ते न सांगता. त्यांचं बोलावणं कमी झालं नाही. उलट फी थोडी वाढली, असं वहिनी म्हणतात.

आठ दिवसांनी गाडी परत आली आणि चादरही आली. मी तेव्हा विरजण मागायला गेले होते. भाऊंनी चादर मांडीवर घेतली, डोळे मिटले, अंगठा फिरवला. चेहरा निवळला. मग इकडे-तिकडे बघून त्यांनी हळूच एक कोपरा उलटला.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "आहे ना?"

"काय?"

"काही नाही. चहा ठेवलाय, म्हटलं."