आत एकदम शांत

यंत्रालाही आत्मा असतो, आणि तो ओळखणारी माणसं फार थोडी असतात. त्यांतला एक गृहस्थ मला आखाती देशातल्या रिग्गई भागात, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भेटला.

माझी जुनी मोटारसायकल मी थंडीभर झाकून ठेवली होती, कारण बर्फाच्या देशात छापलेल्या माहितीपुस्तकात तसं लिहिलं होतं. मार्चमध्ये ती सुरू होईना. "जेवायच्या आत सुरू झाली नाही, तर भंगारात," असं बायकोने बजावलं होतं, आणि ती बोलते तसं करते.

कडक इस्त्रीच्या शर्टातला हा गृहस्थ न बोलावता आला. त्याने प्लग काढून हुंगला, पुसून परत बसवला. मग डोळे मिटून टाकीला कान लावला.

"आत एकदम शांत आहे," तो म्हणाला. "रुसलीय. धीर धरा, साहेब."

आम्ही धीर धरून आळीपाळीने किक मारत राहिलो. शेवटी बाल्कनीतून बायको ओरडली, "अहो, पुस्तकात वाचून टाकी तुम्हीच रिकामी केली होतीत ना?"

गृहस्थाने सावकाश रुमालाला हात पुसले. "तेच सांगत होतो, वहिनी. आत शांत आहे."

पेट्रोल घातल्यावर ती दुसऱ्या किकला सुरू झाली.