कुठली, कोणाची?

कारखान्यात जितेशला कुत्रं विचारत नसे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तो हेल्पर होता. पिंपं ढकलायची, गोणी फोडायच्या, आणि सुपरवायझरने "ए जित्या" अशी हाळी दिली की हातातलं टाकून पळायचं. पण पहिली पाळी सुटली, आंघोळ करून तो एस.टी. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत शिरला, की त्याच जित्याचा जितेशभाऊ व्हायचा. तिथल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, 'आंबेनळी' नावाच्या चॅटरूममध्ये, कुवेतपासून सुरतेपर्यंत पांगलेली महाड-पोलादपूरची माणसं त्याची वाट बघत बसलेली असायची.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा एक वेबसाइट कुणालाही अशी खोली फुकटात उघडून देई. येसाजी नावाच्या कुवेतमधल्या क्रेनवाल्याने आपल्या घाटाचं नाव देऊन ही खोली उघडली आणि तिची किल्ली, म्हणजे कुणाला आत घ्यायचं नि कुणाला हाकलायचं तो अधिकार, जितेशला दिली. कारण सोपं होतं. बाकी सगळे बाहेर गेलेले, हा एकटा मागे राहिलेला. सुट्टीच्या दिवशी तो वर कुडपणला घरी जाई आणि खाली येताना पोतंभर खबरी घेऊन येई. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या नाचणीत डुकरं शिरली, कुणाची सुपारी फुटली. हे सगळं तो इंग्रजी अक्षरांत आणि गावच्या बोलीत टाइप करी, आणि तिकडे वाळवंटात कुणीतरी ते वाचून डोळे पुसत असे. असं येसाजीच सांगायचा. ते ऐकून जितेशची छाती फुगायची, आणि फुगू नये असं त्यात काही नव्हतंही.

सुरुवातीला खोलीला नियम नव्हता. मग कुठून कुठून टवाळ पोरं शिरू लागली. मुंबईत नर्स असलेल्या अंकिताला एकाने नको नको ते लिहिलं आणि ती यायचीच बंद झाली. तेव्हा जितेशने नियम केला. नव्या माणसाने आधी गाव, वाडी आणि बापाचं नाव सांगायचं, मग बसायचं. हा नियम त्याने डोकं लढवून काढलेला नव्हता. कुडपणला चढण चढून कुणी अनोळखी आलं की पारावर बसलेला भागोजी आजा पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी हेच विचारी, "कुठला रे तू? कोणाचा?" माणसाने सांगितलं की लगेच कुणाच्या तरी मामाच्या मेव्हण्याकडून नातं निघे आणि चहा ठेवला जाई. तोच पार आता कॉम्प्युटरात आला होता आणि भागोजी आजाच्या जागी जितेश बसला होता. विचारायची एक ऐट असते, ती त्याला चढली होती.

त्या नियमातून एकच बाई सुटलेली होती. तिने नाव घेतलं होतं 'कारवी'. कुठली म्हणून विचारलं तर "इथलीच" एवढं लिहिलं आणि गप्प बसली. शिव्या नाहीत, चावटपणा नाही, रोज यायची नि नुसती वाचायची. जितेशनेही काणाडोळा केला. एकदाच तिने विचारलं, "वरच्या सड्यावरच्या डबक्यात म्हशी अजून बसतात का?" जितेश खूश झाला. त्याने त्या डबक्याचं, त्यात नाकापर्यंत बुडालेल्या म्हशींचं, त्यांना बाहेर काढताना उडणाऱ्या तारांबळीचं लांबलचक वर्णन लिहिलं. तेव्हापासून तिच्यासाठी चार ओळी जास्त लिहायची त्याला सवय लागली.

ती कोण असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. डबक्याचा प्रश्न बाहेरचं माणूस विचारणार नाही, एवढं कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. त्याच्याच वाडीतली कुशाबाची अमिता महाडला कॉम्प्युटरच्या क्लासला येता येता क्लासच्या मास्तराबरोबर निघून गेली होती. मास्तर परजातीचा, गुजरातकडचा. तेव्हापासून कुशाबाच्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं. लहानपणी जितेश आणि ती एकाच पायवाटेने शाळेला उतरायची. संशय आला की तो स्वतःलाच म्हणायचा, कशावरून? आणि विषय तिथेच सोडायचा. संशय खरा ठरला असता तर काहीतरी करावं लागलं असतं.

अमिताचा भाऊ शुभम मुंबईला नोकरीला होता. दर शुक्रवारी तोही खोलीत यायचा, कारण शुक्रवारी कुवेतला सुट्टी आणि खोलीत खरी गर्दी. अशाच एका शुक्रवारी दुपारी त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "ही कारवी कोण हाय? नियम सगळ्यांना हाय का नाय, जितेशभाऊ?"

झालं. दहा जणांनी री ओढली. कुणी म्हणे ही बाईच नसणार, कुणी म्हणे ही इथलं तिकडे नेते. जितेशला वाटलं, आपल्या खुर्चीलाच हात घातला. त्याने मोठ्या अक्षरांत विचारलं, "कारवी, कुठली? कोणाची?"

मग त्याच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडली, फक्त त्यालाच दिसणारी. "जितेश, इथं नको विचारू. तुला एकट्याला सांगते."

आता पंचाईत अशी की अंकिताच्या प्रकरणानंतर जितेशने सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, खोलीतल्या कुठल्याही बाईशी आपण चोरून बोलणार नाही. तो ती पाळत होता आणि पाळतो हे चारचौघांत सांगतही होता. त्याने ती चौकट बंद केली आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "जे काय सांगायचं ते हितं सांगा. नियम सगळ्यांना एकच."

"नाही सांगता येणार," कारवीने लिहिलं.

त्याने बटण दाबलं. तात्पुरतं बाहेर काढायचं नव्हे, कायमचं. खोलीत शाबासकीचा पाऊस पडला, शुभमने तर तीनदा "मानलं भाऊ" लिहिलं. जितेश बाहेर गाडीवर गेला, गरम वडापाव घेतला, वर मिरची मागून घेतली आणि चवीने खाल्ला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या मिरचीची.

दिवाळीच्या सुमारास तो घरी गेला तेव्हा आईने सांगितलं, चिमाबाईला उठवत नाही, तुझी वाट बघते. चिमाबाई म्हणजे अमिताची आई. जितेश गेला तर ती पडवीत घोंगडीवर पडली होती, हाडांचा नुसता सापळा. तिने कुशाबाला गुरं बघायला पिटाळलं आणि जितेशला जवळ बसवलं.

"जितू, त्या मशीनीत तू गावची खबर लिवतोस ना रे?"

"लिवतो, काकी."

"मंग माजी बी लिव. चिमाबाईला बरं नाय, आता काय उठत नाय, असं लिव. तिचं नाव नको घेऊस, शुभ्या असतो तितं. ती समजंल."

"कोण गो, काकी?" त्याने विचारलं.

"कोण काय इचारतोस? अमी माजी." म्हातारीने आवाज आणखी खाली आणला. "पोलादपूरच्या बाजारात गोदूबाईच्या दुकानात तिचा फोन आलता, शिमग्याच्या आधी. म्हनली, आये, आता फोन नाय करत, दादाला कळंल. पन जितू लिवतो ते मी रोज वाचते. आपली म्हस व्याली ते बी तिला म्हाईत." चिमाबाई हसली. "तू हायस म्हून मला काळजी नाय, बाबा."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. काकी, मी तिला हाकललं. एवढंच वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "लिवतो."

चिमाबाईने उशाखालून एक फडकं काढलं. त्यात हिरवा खण होता आणि एक नारळ. "लेक घरातनं गेली ती ओटीशिवाय. आली की भरीन. नाय जमलं तर तू तुज्याकडं ठेव. ती आदी तुलाच गावंल."

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने तो खाली उतरला. कारवीवरची बंदी काढली. खोलीत शिरणाऱ्याला सगळ्यात वर दिसेल अशी ओळ टाकली, "कुडपणच्या चिमाबाईला बरं नाही, आता उठत नाही." शुभमने ती वाचली आणि तो रजा काढून आईला बघून गेला. पण जिच्यासाठी ओळ होती ती आत नव्हती. बंदी उठली हे तिला सांगायला कोण जाणार? तोंडावर दार लावून घेतलेल्या घराची कडी कोण रोज वाजवून बघतं? जितेशने क्लासमध्ये जाऊन मास्तराचा पत्ता विचारला, तर क्लास दुसऱ्याच कुणी घेतला होता. गोदूबाईकडे फोनचा नंबर नव्हता. शुभमला सांगायचं त्याच्या मनात येई आणि धीर होत नसे. सांगितलं तर तो बहिणीला आणायला जाईल की मारायला, हेही कळत नव्हतं. निदान तो स्वतःची समजूत तशी घालत होता.

मग सुट्टीला घरी जाणं नको वाटू लागलं, आणि न जाणंही. गेला की चिमाबाई विचारायची, "वाचलान काय रे तिनं?"

"वाचलं असंल, काकी."

"मंग येल. लांबून येयाचं, येळ लागायचाच."

कुडपणात त्याला सगळे भला पोरगा म्हणायचे, आजारी म्हातारीकडे येऊन बसतो म्हणून. ते ऐकलं की त्याला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. नारळ हळूहळू सुकत गेला, हलवला की आतून खुळखुळ वाजे. पौषात एका सकाळी चिमाबाई गेली. तेराव्याला पोलादपूरहून वर आलेल्या गोदूबाईने ते फडकं जितेशच्या हातात दिलं. म्हातारीने तिला तसं बजावून ठेवलं होतं.

खोलीत जितेश अजून जात होता, पण "कुठली, कोणाची" त्याने विचारणं सोडून दिलं. त्याने नाही विचारलं तरी दुसरे विचारत. नियम त्याचा राहिला नव्हता, सगळ्यांचा झाला होता. वरची ओळ त्याने काढून टाकली होती. तिच्या जागी दुसरी टाकायला हवी होती, ती मात्र त्याच्याने लिहवली नाही. शुभमनेही आई गेल्याचं खोलीत लिहिलं नव्हतं.

शिमगा आला. शुक्रवारची दुपार होती, खोली भरलेली होती, पालखी कधी उठणार यावर गलका चालला होता. तेवढ्यात पडद्यावर नाव उमटलं, कारवी.

जितेश काही लिहिणार इतक्यात शुभमचीच ओळ आली, "कुठली? कोणाची?"

या वेळी तिने वेळ लावला नाही. "कुडपण. वरची वाडी. चिमाबाईची."

त्या खोलीत आजवर प्रत्येकाने बापाचं नाव सांगितलं होतं. आईचं सांगणारी ही पहिलीच. पालखीचं कुणी काही बोलेना, शुभमही नाही.

"आता तरी राहू द्या," तिने लिहिलं. "मी बोलणार नाही. नुसतं वाचेन."

आणि मग, "जितेश, माझी आये कशी आहे? बरेच दिवस काही कळलं नाही."

पायाशी ठेवलेल्या पिशवीत ते फडकं होतं. पौषापासून तो ते बरोबरच वागवत होता. गावची प्रत्येक खबर आंबेनळीत त्यानेच पहिल्यांदा दिली होती, त्याचा त्याला केवढा अभिमान होता. आता सगळे त्याच्या ओळीसाठी थांबले होते. भाऊ असूनही शुभम थांबला होता.

जितेशने लिहिलं, "राहा, अमिता." मग पुढची ओळ लिहायला घेतली, आणि तिची सुरुवात "काकी गेली" अशी न करता "मी तुला हाकललं" इथून केली.