राजीनाम्यानंतरची हजेरी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांपैकी. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी पिंपळाखालचा अनुभव टाकला की पहिली खिल्ली माझी. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घडलं ते घडलं.

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत, एका एक्स्पोर्ट कंपनीत मी अकरा वर्षं डिस्पॅच सांभाळलं. दुसरा मजला, खिडकी नाही. राहायला घाटकोपरला, घरी आई आणि मी. गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. रात्री नऊला घरी पोचवणारी नोकरी आता जमण्यासारखी नव्हती. विक्रोळीत दुसरी मिळाली. अट एकच – दोन महिन्यांत जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर द्यायचं, नाहीतर कन्फर्म करणार नाहीत.

राजीनामा नेटवरचा नमुना बघून इंग्रजीत लिहिला. साहेबांनी वाचून परत दिला. "इतकं कोरडं कशाला? आपण फॅमिली आहोत." मग ते सांगतील तसं लिहिलं – इथे खूप शिकले, सोडताना जड जातंय, मी कायम आपलीच राहीन वगैरे. दातओठ खात सही केली. नोटीस पिरियड भरला, निरोपाचे समोसे झाले, आणि एचआरमधल्या माझ्या मैत्रिणीने, मनीषाने, हजेरीच्या मशीनमधून माझा अंगठा माझ्यासमोर डिलीट केला.

सोमवारी विक्रोळीच्या नव्या टेबलाशी बसले होते. ९:२८ ला मोबाईलवर जुन्या कंपनीचा मेसेज – 'इन'. संध्याकाळी ८:१० ला 'आउट'. तिथे मशीनला अंगठा लावला की असे मेसेज येतात. म्हटलं, सिस्टिमची गडबड असेल. मंगळवारी परत. बुधवारी परत. तीन आठवडे हेच चाललं, तेव्हा मनीषाला फोन लावला.

"तुझं लेटर कसं काढू गं? सिस्टिममध्ये तू रोज येतेयस."

"अगं, मी विक्रोळीत आहे. कॅमेरा बघ ना."

"बघितला यार. लाईट हिरवा होतो, दार उघडतं. समोर कोणी नसतं. तुझ्या जागी आलेली मुलगी त्या खुर्चीत बसायला मागत नाही."

मशीन बदललं. तरी मेसेज येतच राहिले. सव्वानऊ वाजले की मी मोबाईल टेबलावर पालथा घालायचे. इथली नोकरी जाईल, आईला परत रात्री नऊपर्यंत एकटीला टाकावं लागेल, आणि मला पुन्हा त्याच मजल्यावर जावं लागेल, हेच डोक्यात फिरत राहायचं. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा आईला सगळं सांगितलं. आई मालवणची, तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्रात काय लिवलंस गो?"

मी सांगितलं.

"तुका सुटूचा होता ना? मगे तसा लिवलंस खंय?"

खरंच, सुटायचंय असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. नवा राजीनामा रेघांच्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिला. 'माझी आई पडल्याचा फोन आला त्या दिवशी कंटेनर निघेपर्यंत तुम्ही मला सोडलं नाही. किल्ली माझ्याकडेच होती, ती चार तास बंद घरात फरशीवर होती. मला तुमच्याबद्दल कृतज्ञता वाटत नाही. मी आता इथली नाही.' इतके दिवस हे मी स्वतःशीही बोलले नव्हते.

गुरुवारी सकाळी ९:२८ ला नेहमीसारखा 'इन' आला. हाफ डे टाकून दुपारी मी अंधेरीला गेले. मनीषाने पत्र वाचलं, दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याचा शिक्का मारून दिला. आत माझं टेबल दिसत होतं, खुर्ची रिकामी होती, जरा मागे सरकवलेली. मी पाच मिनिटांत बाहेर पडले.

शुक्रवारी मेसेज आला नाही. शनिवारी रिलीव्हिंग लेटर मिळालं. विक्रोळीत कन्फर्म झाले, सात वाजता घरी असते.

रोज तिथे माझ्या वेळेला कोण जात होतं, याचं उत्तर ना मशीनवाल्याकडे आहे, ना माझ्याकडे. फक्त त्या गुरुवारचा 'आउट' आजपर्यंत आलेला नाही. माझ्या नावाने जी आत गेली ती आतच आहे. मला तिची भीती वाटत नाही, तिच्याबद्दल वाईट वाटतं. त्या दुपारी निघताना मी तिलाही हाक मारायला हवी होती.